दिवसाचा चंद्र : बेंद्रे, इंदिरा संत आणि दुःखाची प्रतिमा

शिकवण्याच्या तीस-एक वर्षांत मुलांनी मला सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न एकच आहे. कविता करुण असली की मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करी आणि विचारी, "सर, कवीच्या आयुष्यात खरंच असं घडलं होतं का?" घडले होते असे सांगितले की वर्ग गंभीर होई. घडले नव्हते म्हटले की पोरांची तोंडे फसवल्यासारखी होत. मी दोन्ही वेळा अनुभव, कल्पकता, अभिव्यक्ती असे चार शब्द टाकून पुढच्या कडव्याकडे वळत असे. ते उत्तर किती तोकडे होते हे मला वर्गात कळले नाही. निवृत्तीनंतर एका दुपारी आईला एक कविता वाचून दाखवली, तेव्हा कळले.

ती कविता मराठी नाही, कानडी आहे. मराठी दिवाळी अंकात तिच्यावर पाने का खर्चायची, असे कुणाला वाटेल. पण ती लिहिणारा कवी १९४४ ते १९५६ अशी बारा वर्षे आमच्या सोलापुरात, दयानंद महाविद्यालयात कानडीचा प्राध्यापक होता आणि त्याच्या घरची भाषा मराठी होती. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाडचा. पदवी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजची. कविता लिहिताना नाव घेतले 'अंबिकातनयदत्त', म्हणजे आईच्या नावाने ओळखला जाणारा मुलगा. १९७३चे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांच्या 'नाकु तंति' या संग्रहाला मिळाले. त्यांनी मराठीतही लिहिले आहे. तरी सोलापुरात त्यांचे नाव काढले की बहुतेकांना आठवतो तो ४४१ या आकड्याच्या मागे लागलेला म्हातारा. तो बेंद्र्यांच्या उत्तरायुष्यातला छंद. त्याच्या गमती सांगण्यात आपण कवीला विसरलो, असे मला नेहमी वाटते.

सोलापूरकराला या दुभाषेपणाचे फारसे अप्रूप नसते. माझे आजोळ अक्कलकोट तालुक्यातले. आई माहेरी कानडी बोले, सासरी मराठी, आणि शेजारच्या विणकर कुटुंबातल्या बायकांशी मोडक्यातोडक्या तेलुगूत भांडे. मला कानडी कानाने येत होती, डोळ्यांनी नव्हती. लिपी मी पन्नाशीनंतर शिकलो, ती केवळ बेंद्र्यांसाठी. धारवाड आकाशवाणीवरून त्यांच्या कविता ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो होतो. ते शब्द कागदावर कसे दिसतात ते एकदा बघायचे होते.

तर ती कविता. नवऱ्याने बायकोच्या नजरेपुढे केलेली ती विनवणी आहे. माझ्याकडे अशी बघू नकोस, एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणतो. कर्नाटकात ही कविता म्हटली जाते तेव्हा आधी तिची हकीकत सांगितली जाते. कवीचे मूल आजारी होते, तो घरी आला तेव्हा सगळे संपत आले होते, आणि बायकोने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. बेंद्रे पतिपत्नींची अनेक मुले अकाली गेली. त्यामुळे हकीकत खोटी मानायचे कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हकीकत आधी सांगितली की श्रोता कविता सुरू होण्यापूर्वीच रडून मोकळा होतो. मग कवितेतल्या प्रतिमांना करायला काम उरत नाही. त्या फुलांच्या माळेसारख्या फोटोवर टांगलेल्या राहतात.

म्हणून आईला वाचून दाखवताना मी काहीच सांगितले नाही. ती तेव्हा सत्तरी ओलांडलेली. ताटात तांदूळ घेऊन निवडत बसलेली. मी अडखळत कानडी वाचत होतो आणि ती मधूनच माझे उच्चार सुधारत होती. कविता संपल्यावर तिने विचारले, "पोर गेलं का त्यांचं?"

मी म्हटले, कवितेत तर मूल झोपले आहे असे आहे.

"झोपलेल्या लेकराजवळ बसून कुणी असं बघत न्हाई," ती म्हणाली.

माझ्या दोन वर्षांच्या भावाला आईने असेच गमावले होते. मी तेव्हा सहा-सात वर्षांचा. घरात त्याविषयी पुढे कधी बोलणे झाले नाही. पण तिला ओळख पटली ती केवळ स्वतःच्या अनुभवामुळे, असे म्हणून मी टीकाकाराचे काम टाळणार नाही. कवितेने तिला ते नेमके कुठून कळू दिले, हे बघायला हवे.

कवितेची सुरुवात अगदी जुन्या रूपकाने होते, ते म्हणजे संसारसागर. कीर्तनात, पोथीत, तेराव्याच्या दिवशी सांत्वनाला आलेल्यांच्या तोंडी हजारदा झिजलेला हा शब्द. गावोगावच्या काव्यस्पर्धांना परीक्षक म्हणून मी बसलो आहे. तिथे अश्रूंचे सागर आणि दुःखाचे डोंगर इतके येतात की भूगोलाचा तास वाटावा. मग बेंद्र्यांसारख्या शब्दांच्या राजाने सुरुवातीलाच हे नाणे का काढावे? पहिल्यांदा वाचले तेव्हा मला ही जागा कच्ची वाटली होती. आता वाटते, ती मुद्दाम तशी आहे, किंवा मुद्दाम नसेल तर खरी आहे. दुःख अंगावर कोसळते तेव्हा माणसाच्या हाताला आधी तयार शब्दच लागतात. हा नवरा बायकोला शहाणपण सांगू बघतो आहे. या सागरात दुःखांना मोजदाद नाही, पलीकडचा काठ कुठे ते ठाऊक नाही, मूल झोपले आहे ते झोपू दे, पुढचे दैवाच्या मर्जीवर. घरातला कर्ता पुरुष म्हणेल तेच हे. आणि हे सगळे बोलून झाल्यावरही ती बघायची थांबत नाही. तयार रूपक तिच्या नजरेपुढे टिकत नाही, आणि मग त्याला तिच्या चेहऱ्याकडे बघावेच लागते. खऱ्या प्रतिमा तिथून पुढे येतात. म्हणजे झिजलेल्या रूपकातून जिवंत प्रतिमा कशी फुटते, हे या एकाच कवितेत आपल्यासमोर घडते.

तो काय बघतो? आधी ओठ. विडा न खाताही लाल असणारे, राव्याने चोच मारलेल्या फळासारखे. तो रंग आता उडून गेला आहे. मग डोळे. ते करवंदासारखे आहेत, दवाने धुतले तरी चीक तसाच चिकटून राहिलेल्या करवंदासारखे. आमच्या कोरड्या सोलापुरात करवंदाच्या जाळ्या नाहीत, पण धारवाडच्या पश्चिमेला झाडीचा प्रदेश लागतो. ज्याने झुडपावरून करवंद तोडले आहे त्याला देठाशी येणारा तो पांढरा चीक ठाऊक असतो. काळेभोर फळ, त्यावर पांढरट थर आणि वर दवाचा ओलावा. डोळ्यातल्या पाण्याबद्दल एक अक्षरही न उच्चारता डोळा ओला झालेला आहे. आणि तो विचारतो, हे डोळे तुझेच आहेत का?

ही सगळी सामग्री शृंगाराची आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. ओठांना फळाची उपमा देणे हा प्रियकराचा धंदा, शोक करणाऱ्या बापाचा नव्हे. पण आपल्या साहित्यशास्त्राला ही गोष्ट जुन्या काळापासून माहीत आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात भूरिश्रव्याचा तुटलेला हात रणांगणावर सापडतो आणि त्याची स्त्री त्या हाताने एकांतात केलेले लाड आठवून विलाप करते. शृंगार करुणाचे अंग कसा होतो हे दाखवताना आलंकारिकांनी हेच उदाहरण पुन्हापुन्हा घेतले. गेलेल्या सुखाचा तपशील जितका नेमका, तितका शोक खोल. बेंद्र्यांनी हे शास्त्रातून उचलले असे मी म्हणत नाही. त्यांना संस्कृत उत्तम येत होते, पण अशा रात्री कुणी ध्वन्यालोक उघडत नाही. बायकोचा चेहरा त्यांनी आधी ज्या नजरेने पाहिला होता तीच नजर त्यांच्याजवळ होती. उपमा त्याच राहिल्या आणि चेहरा मात्र बदलून गेला.

मग ती प्रतिमा येते जिच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला. तिचे मुख पाहून जीव दचकतो आणि त्याला वाटते, भर दिवसा आकाशात पुनवेच्या चंद्राचे प्रेत तरंगत आले आहे.

ही प्रतिमा मी वर्षानुवर्षे केवळ धक्का म्हणून वाचली. चंद्रमुखी ही उपमा उलटी केली, वा! असे म्हणून थांबलो. पण जरा जपून बघा. दिवसा दिसणारा चंद्र आपण सर्वांनी पाहिलेला असतो. धुतलेल्या पंचासारखा फिकट, कडा विरलेला. त्यातही पुनवेचा चंद्र उजेडात दिसतो तो साधारण उगवतीच्याच वेळी, पश्चिमेला, मावळता मावळता. तो कुणाला दिसतो? पहाटे रानात निघालेल्याला दिसतो, आणि रात्रभर ज्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही त्याला दिसतो. आजारी लेकराच्या उशाशी रात्र काढून दार उघडून बाहेर आलेल्या माणसाला. कवितेत रात्रीच्या जागरणाचा उल्लेख नाही. पण हा चंद्र ते जागरण बरोबर घेऊन येतो.

आणि दुसरी गोष्ट. या कवितेत मृत्यू दोन ठिकाणी आहे. एकदा तो बायकोच्या गालांवरून, कपाळावरून हात फिरवून जातो. दुसऱ्यांदा तो चंद्राचे प्रेत होतो. मुलाच्या संदर्भात मृत्यूचा शब्द येत नाही. मूल झोपलेले आहे. जिथे तो शब्द लागू आहे तिथे उच्चारवत नाही, म्हणून तो सरकतो. मुलावरून आईच्या चेहऱ्यावर, चेहऱ्यावरून आकाशात. ज्या माणसाला खाली अंथरुणाकडे बघवत नाही तो वर बघतो आणि तिथेही त्याला तेच दिसते. मला वाटते, माझ्या आईला मूल गेल्याचे कळले ते इथे. बापाने प्रेत हा शब्द चंद्राला वापरला, तेव्हाच तिने तो खरा कुणासाठी आहे ते ओळखले.

मर्ढेकरांनी प्रतिमेच्या संदर्भात 'भावनानिष्ठ समतानता' असा शब्द मराठीला दिला. दोन वस्तू एकमेकींसारख्या दिसतात म्हणून कवी त्यांना जोडत नाही. त्या एकच भावना जागवतात म्हणून जोडतो. विद्यार्थ्यांना हा शब्द पाठ करायला लावण्याचे पाप मीही केले आहे. पण चेहरा आणि चंद्र यांच्यात इथे रंगाचे साम्यही आहेच, फिकटपणाचे. नुसत्या साम्यावर प्रतिमा उभी राहिली असती तर ती पांढरेपणावर संपली असती. 'प्रेत' या शब्दाने ती साम्याच्या पलीकडे ढकलली जाते आणि जिथे जाऊन पडते ती जागा मुलाच्या अंथरुणाची आहे. मर्ढेकरांची संज्ञा मला इथे पुरत नाही. भावना समान आहे एवढे सांगून भागत नाही. भावना एका जागेवरून हाकलली गेली आणि दुसऱ्या जागी जाऊन बसली, हे सांगावे लागते.

नवऱ्याने स्वतःविषयी जे म्हटले आहे ते फारसे कुणी लक्षात घेत नाही. लग्नात कन्यादानाच्या पाण्याच्या धारेने भिजलेला हात तू गार समजून धरलास. तो राखेखालचा निखारा आहे हे कळूनही अजून सोडत नाहीस. आभाळच जमिनीवर आले तर जमिनीने कुणाचा आधार घ्यावा? आभाळ कोसळणे ही आपल्याही बोलण्यातली गोष्ट. पण जमिनीला कोण, हा प्रश्न आपण विचारत नाही. या हाताच्या प्रतिमेमागे कवीचे आयुष्य आहे हे मला नाकारता येत नाही. १९३२ साली 'नरबली' या कवितेवरून सरकारने बेंद्र्यांना पकडले. हिंडलग्याच्या तुरुंगानंतर मुगद गावी स्थानबद्धता आली. शिक्षकाची नोकरी गेली आणि पुढे कितीतरी वर्षे स्थिर मिळकत नव्हती. १९३५ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी एम. ए. केले. सोलापूरची नोकरी मिळाली तेव्हा ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. अशा पुरुषाचा हात धरणे म्हणजे काय हे त्याच्या बायकोला चांगलेच माहीत असणार. पण हे सगळे मी सांगितले नसते तरी निखारा चटका देतोच. चरित्र हे प्रतिमेच्या पायाखालची जमीन आहे, प्रतिमा नव्हे.

इथे अभिनवगुप्ताची आठवण होते. क्रौंचवध पाहून वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, हे आनंदवर्धनाचे म्हणणे सगळ्यांना पाठ आहे. त्यावर टीका लिहिताना अभिनवगुप्त एक इशारा देतो, तो फारसा कुणी सांगत नाही. तो म्हणतो, हा शोक त्या मुनीचा वैयक्तिक शोक आहे असे समजू नका. मुनी स्वतःच दुःखी असता तर त्याला काव्य सुचलेच नसते, कारण दुःखाने पोळलेल्याची ती अवस्थाच नसते. १९१९ साली एलियटनेही भोगणारा माणूस आणि निर्माण करणारे मन या दोघांना वेगळे काढले. दोघांच्या मध्ये सुमारे नऊशे वर्षे आहेत, पण दोघेही एकाच ठिकाणी बोट ठेवतात.

मला हे म्हणणे पटते, आणि पूर्ण पटत नाही. बेंद्रे स्वतः एका छोट्या कवितेत रसिकाशी करार करतात. आपले भोग आपल्याजवळच ठेवायचे, रसिकाला फक्त गाणे द्यायचे, आणि त्याचे खडीसाखरेसारखे हृदय विरघळले तर ती चव मात्र परत मागायची. हा करार अभिनवगुप्ताला मान्य झाला असता. भोग आणि गाणे यांच्यात रेघ ओढलेली आहे. पण चंद्राच्या कवितेत ही रेघ तशी राहत नाही. तिथे भोगणारा माणूसच बोलतो आहे आणि तो पोळलेला आहे. मग त्याला कविता कशी सुचली? मला सापडलेले उत्तर असे : तो स्वतःच्या दुःखाविषयी बोलतच नाही. सबंध कवितेत बापाला काय वाटले ते नाही. तो दुसऱ्याच्या दुःखाकडे बघतो, त्याच्याकडे बघणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या. अभिनवगुप्ताला जे अंतर हवे होते ते ऋषीच्या आश्रमात नाही, या दोन माणसांमधल्या चार हातांत आहे. एकट्याच्या दुःखाला आरसा नसतो. इथे बायकोचे डोळे तो आरसा होतात, आणि म्हणूनच ते असह्य आहेत.

शिवाय भाषा. घरी मराठी बोलणाऱ्या या माणसाने ही कविता धारवाडच्या रस्त्यावरच्या कानडीत लिहिली. ना घरातली बोली, ना पुस्तकी कानडी. ज्या भाषेत शेजारीण दार ठोठावून काय झाले म्हणून विचारील ती भाषा. आईच्या भाषेत जे निघाले नसते ते शेजारणीच्या भाषेत निघाले, असे म्हणायचा मोह होतो. पण तो मोहच. बेंद्र्यांच्या बऱ्याच उत्तम कविता याच बोलीत आहेत, आनंदाच्याही.

आईला मी हे सगळे थोडक्यात सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "समदं खरं. पर त्येनं तिला बोलू कुठं दिलं?"

या प्रश्नाने माझी अनेक दिवस झोप उडवली. कवितेच्या शेवटी नवरा म्हणतो, तुझ्या डोळ्यात पाऊस पाय रोवून उभा आहे, मध्येच हे वेडे हसू कशाला? फुटायला आलेला ढग वाऱ्याच्या निमित्ताने अडून राहावा तसे ते आहे. रड, पापणी हलव, ओठ चावून हुंदका धरू नकोस. ही ढगाची प्रतिमा सुंदर आहे. पण सबंध कवितेत बोलणारा एकच आहे. ती बघते, हसू ओढून आणते, ओठ चावते. तिचा शोक ही त्याची प्रतिमा झाली. चंद्र तो झाला नाही, ती झाली. त्याला जे सोसवत नाही ते तिच्या चेहऱ्यावर ठेवून त्याने बघितले, आणि वर रडण्याची परवानगीही त्यानेच दिली. मी ज्याला अंतर म्हणून गौरवले ते तिच्या बाजूने बघितले तर काय आहे? याचा बचाव करता येतो. कवितेने तिची नजर जिंकलेली नाही. शेवटपर्यंत ती बघतेच आहे, आणि बोलणारा पुरुष हरलेलाच आहे. हा बचाव मला खरा वाटतो. तो आईला पटला असता असे वाटत नाही.

पण त्या प्रश्नाने मला बेळगावला नेले. बेंद्रे मराठी सोलापुरात राहून कानडी शिकवत होते तेव्हा बेळगावात एक मराठी कवयित्री अध्यापक महाविद्यालयात शिकवत होती. इंदिरा संतांनी आणि त्यांचे पती ना. मा. संत यांनी मिळून १९४० साली 'सहवास' हा संग्रह काढला. १९४६ साली पती गेले. मुले लहान. १९५१ साली 'शेला' आला, मग 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी'. १९८४ साली 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. वाचक त्यांच्या प्रत्येक कवितेला १९४६ हे साल चिकटवतात. बेंद्र्यांच्या कवितेला हकीकत चिकटली आहे तसेच.

त्यांची पावसाची कविता मराठी घरांत पाठ आहे. अवेळी धिंगाणा घालणाऱ्या पावसाला एक बाई दटावते. घर मोडके, छप्पर असे की चंद्र आत डोकावावा. मग स्वर बदलतो. तिचा सखा वाटेवर आहे. पावसाने जाऊन त्याला माघारी आणावे, नीट सांभाळून आणावे. मग कितीही दंगा करू दे, ती काही बोलणार नाही. उलट त्याच्यासाठी पितळेची लोटीवाटी मांडील आणि सख्याच्या डोळ्यांत त्याच्या विजेची पूजा करील. सखा वाटेवर आहे की कायमचा गेला आहे, हे कविता सांगत नाही. साल चिकटवले की ती शोकगीत होते. नाही चिकटवले तर ती विरहिणीची लाडिक तक्रार आहे. मला ती दोन्ही वाटते, आणि तिचे बळ या दोन्ही असण्यात आहे.

दोन्ही कवितांत पाऊस आहे. बेंद्र्यांचा पाऊस तिच्या डोळ्यात अडून उभा आहे आणि बाहेरून दुसरा कुणी त्याला पड म्हणतो. इंदिराबाईंचा पाऊस घरात शिरला आहे आणि घरातली बाई त्याच्याशी स्वतः बोलते, रागावते, गोंजारते, सौदा करते. डोळ्यात पाणी हा शब्दही तिला लागत नाही. घर हाच तिचा देह झाला आहे, हे इतक्या सहजपणे घडते की प्रतिमा म्हणून ते जाणवतही नाही. बेंद्र्यांची प्रतिमा दचकवते. ही भांड्यांत, छपरात, दारात मिसळून जाते. बाहेरून दुःख बघणाऱ्याला आकाशाएवढी प्रतिमा लागते, आणि दुःखाच्या आत राहणाऱ्याला हाताशी असलेली वस्तू पुरते, असा नियम मी काढला असता. पण बहिणाबाईंपासून ग्रेसपर्यंत नुसती नावे आठवली तरी हा नियम दोन्ही बाजूंनी मोडतो. एवढेच म्हणतो की या दोन कवितांपुरते ते खरे आहे.

त्या लोटीवाटीवर मी वर्गात नेहमी एकच गोष्ट सांगत आलो. पाहुणा म्हणून येणाऱ्या पावसाचा हा सत्कार, पूजेची मांडामांड. पुढे विजेची पूजा आहेच, त्यामुळे अर्थ जुळतो. आईला ही कविताही वाचून दाखवली. ती ऐकताना हसली. "पूजा कसली? गळतीखाली भांडी मांडायची म्हणती ती," ती म्हणाली. "आपण न्हवतो का मांडत?"

आमचे घर माळवदाचे होते. पांढऱ्या मातीचा थर दरवर्षी उन्हाळ्यात बदलावा लागे. ज्या वर्षी पैसे नसत त्या वर्षी तो तसाच राही, आणि सोलापुरात झड क्वचित लागते पण लागली की माळवद ठिकठिकाणी टपकू लागे. मला ते आठवत होते, पण कवितेशी जोडता आले नव्हते. आईचा अर्थ धरला की अख्खी कविता बसते. छप्पर गळते म्हणून सुरुवातीला पावसाला दटावले. आता सखा परत येणार असेल तर तेच छप्पर खुशाल गळू दे, मीच होऊन भांडी मांडते. तक्रारीची वस्तू स्वागताची झाली, आणि पूजेचा अर्थही जात नाही. तीस वर्षे मी मुलांना अर्धीच वाटी दिली.

"तुझा भाऊ गेला त्या रात्री लागली होती झड," ती म्हणाली. हे मला ठाऊक नव्हते. "तुझे वडील पाळीवरनं यायचे होते. सहा भांडी मांडली होती मी. तांब्या, दोन वाट्या, परात, दुधाचं पातेलं." बोटे मोजता मोजता ती थांबली. "पाचच झाली की. सहावं कुठलं होतं?"

थोडा वेळ तिने आठवून पाहिले. मग ताट पुढे ओढून ती पुन्हा तांदळातले खडे वेचू लागली.